डाव्या हाताचे रस्ते

जिभाऊ,

सोमवारी तुमच्या कॉम्प्युटरवर बसले आणि पहिल्याच मिनिटाला फसले. मोठं अक्षर हवं होतं म्हणून कॅप्स लॉक दाबलं, तर अर्धवट लिहिलेला हुकूमच सुटला आणि पडद्यावर चूक आली. मग आठवलं. तुमच्याकडे कॅप्स लॉक म्हणजे एंटर. नऊ वर्षं शेजारी बसून बघितलं, तरी माझ्या बोटांच्या ते लक्षात राहिलं नाही.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. सरांनी सांगितलं, ललिता, त्याच्या मशीनवरचं सगळं बघून घे, कुठे काय ठेवलंय ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, मला तरी कुठे कळतंय. तुमचे रस्ते तुमच्या हाताला ठाऊक. मला फक्त पोचल्यावर दिसायचं की पोचलो.

तुम्हाला आठवतो का तो पहिला आठवडा? मी नवीन होते. धडगावच्या त्या पत्र्याच्या ऑफिसात मला घेतलं ते पावरी येते म्हणून. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, गाणी रेकॉर्ड करून आणायची आणि मी त्यांचं मराठी करायचं. तुम्ही खालच्या पट्ट्यातले, शहाद्याकडचे, अहिराणी बोलणारे. मला अहिराणी कळायची निम्मी, तुम्हाला पावरी कळायची नाहीच. मधे मराठी होती, दोघांनीही शाळेत शिकलेली.

एक रेकॉर्डिंग उघडायचं होतं. मी माऊस धरून बसले होते. तालुक्याचा फोल्डर उघडला, त्यात गावाचा, त्यात पाड्याचा, त्यात माणसाचा, त्यात सालाचा. तुम्ही मागे उभे राहून बघत होतात.

"ललिता, तू इतला दरवाजा कसाले उघाडी ऱ्हायनी?"

"मग आत कशी जाऊ?"

"घर ठाऊक शे ना तुले? मंग सरळ घरमा जाय."

आणि तुम्ही डावा हात पुढे करून, नुसते हुकूम टाइप करायचा तो काळा पडदा उघडलात. दोन अक्षरं टाइप केली, कॅप्स लॉक दाबलं, आणि आपण काठी गावात होतो. आणखी दोन, आणि तोरणमाळ. मला वाटलं ही काही जादूटोण्याची भानगड आहे. तुम्ही हसलात. म्हणालात, जादू कसली, आळस शे हा.

आळस नव्हता तो. हे मला महिन्याभराने कळलं, जेव्हा तुमचा उजवा हात मनगटापासून का नाही हे विचारायचं धाडस झालं. सोळाव्या वर्षी कडबाकुट्टीत गेला, एवढंच सांगितलंत, जशी एखाद्याने एसटी चुकल्याची हकीकत सांगावी. पुढे लगेच म्हणालात, "पण सी आणि डी दोन्ही डाव्या बाजूलाच आहेत, बघितलंस?" एका फोल्डरमधून दुसऱ्यात जायचा हुकूम, सीडी, पूर्ण डाव्या हातात मावतो. टॅबसुद्धा. नाव अर्धं टाइप करून टॅब दाबलं की कॉम्प्युटर उरलेलं स्वतः भरतो, हे तुम्हीच मला दाखवलंत. पण एक पायरी वर जायचं तर टिंब, टिंब, तिरपी रेघ. ही सगळी मंडळी उजवीकडे राहायला. चार पायऱ्या वर जायचं तर डाव्या हाताने चार वेळा परगावी जाऊन यायचं.

म्हणून तुम्ही 'एक्स' केला. एक एक्स, एक पायरी वर. तीन एक्स, तीन पायऱ्या. 'व्ही' म्हणजे वापस, आधी होतो तिथे. गावांना दोन-दोन अक्षरं, तीही फक्त डावीकडची. धडगाव डी-जी. काठी सी-टी. मोलगीची अक्षरं एक जी सोडला तर सगळी उजवीकडची, म्हणून मोलगीला तुम्ही जी-जी केलंत. मोलगीच्या एका शिक्षकाला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, वा, आमच्या गावाला आदराने हाक मारता!

मला तुमचा हात बघायला आवडायचं. ते मी कधी सांगितलं नाही. तुम्ही बटणं बडवत नव्हतात. बोट अंतरावर ठेवून, थांबून, मग एकदाच. खोडायचं बटण पार उजव्या कोपऱ्यात ना. "चुकनं का हात दूर लई जावा लागस. म्हनीसन चुकानंच नही." असं म्हणायचात, आणि खरंच फार कमी चुकायचात.

आपण भांडलो मात्र खूप. मी म्हणायचे, ही दोन अक्षरं तुम्हाला कळतात, उद्या दुसरं कोणी बसलं तर? नावं सगळ्यांना वाचता येतील अशी हवीत. तुम्ही म्हणायचात, नावं पूर्णच आहेत, मी फक्त आडवाट काढली. व्हीवरूनही भांडण. मला तो दोन जागांमध्ये उड्या मारणारा व्ही पसंत होता. इथून तिथे, तिथून इथे, डोकं लावायला नको. तुम्हाला ते अपुरं वाटायचं. तुम्हाला हवं होतं की जिथून निघालो तिथे पायरीपायरीने मागे येता यावं, पाच जागा फिरलो तर पाचही उलट्या क्रमाने. "जथाईन निंघनूत, तठेच उलट्या पायनी येवानं," असं तुम्ही टेबलावर तर्जनी आपटून सांगायचात. कॉम्प्युटरमध्ये त्याची सोय आहे म्हणे. जाताना जागा एकावर एक रचून ठेवायच्या, येताना वरून एकेक काढायची. मी म्हटलं, मला भाकऱ्यांची चवड रचायची नाहीये, फाइल उघडायची आहे.

ते भांडण तिथेच राहिलं, कारण मधे ठुमलीबाईची गोष्ट घडली.

जिभाऊ, हे आपण कधी बोललो नाही. सहा वर्षं, रोज शेजारी बसून, एकदाही नाही. आता तुम्ही उत्तर देणार नाही म्हणून मी बोलतेय, हे मला कळतंय आणि त्याची लाजही वाटतेय.

ठुमलीबाई काठीच्या पलीकडच्या डोंगरात राहते. आपण दोघं गेलो होतो. जीप जिथे थांबली तिथून तासभर चाललो. तिने दोन दिवसांत अकरा गोष्टी सांगितल्या, सगळ्या धान्यांच्या. मोर आणि बंटी ही आमच्या डोंगरातली बारीक धान्यं, तिच्या गोष्टीत त्या दोघी बहिणी. तिची सख्खी बहीण शेजारी बसून मिरच्यांचे देठ काढत होती आणि मधेच हसत होती. मी तुम्हाला हळू आवाजात मराठीत सांगत होते, आणि तुम्ही रेकॉर्डर डाव्या हातात धरून, श्वास रोखून ऐकत होतात. परतताना म्हणालात की आजवर आणलेलं सगळं एकीकडे आणि ह्या अकरा एकीकडे.

आठवड्याने ती सकाळ. तुम्ही तहसील कचेरीत गेला होतात. मी एकटी, तुमच्या मशीनवर. ठुमलीबाईच्या फोल्डरमध्ये अकरा फायलींना नावं दिली. मग जिथून आले होते त्या कच्च्या फोल्डरमध्ये परत जाऊन कापून टाकलेले तुकडे पुसायचे होते, खोकले, कुत्र्यांचं भुंकणं वगैरे. मी व्ही दाबला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. ती मी वाचली नाही. तुम्ही पडदा मोकळा दिसावा म्हणून आपण कुठे आहोत हे दाखवणारी पाटीसुद्धा काढून टाकली होती. मी सगळं पुसायचा हुकूम दिला.

मी कच्च्या फोल्डरमध्ये पोचलेच नव्हते. खोकले आणि कुत्री जागच्या जागी राहिली. अकरा गोष्टी गेल्या. रेकॉर्डर आपण आधीच रिकामा केला होता, आणि दुसरी प्रत ठेवायची डिस्क नंदुरबारला दुरुस्तीला होती.

मला ते कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले. तुम्ही आलात, बसलात, म्हणालात, "ललिता, ठुमलीबाई कोठे गई?" मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सर आत आले. तुम्ही पडदा वर सरकवला. माझ्या ओळी वाचल्यात. फार वेळ वाचल्यात. मला वाटलं आता माझं नाव घ्याल.

"सर, ठुमलीबाईचं रेकॉर्डिंग माझ्या हातून पुसलं गेलं," तुम्ही म्हणालात.

सर म्हणाले, "एका हाताने एवढी घाई कशाला करतोस रे?"

ते वाक्य मी अजून ऐकते. तुमचा चेहरा हलला नाही. मी खिडकीपाशी उभी होते, चार पावलांवर, आणि मी बोलले नाही. दोन महिने सरांनी तुम्हाला कॉम्प्युटरवर बसू दिलं नाही. रेकॉर्डर देऊन पाड्यापाड्यावर पाठवलं. तेव्हाही मी बोलले नाही. नंतर बोलायचं म्हटलं तर इतके दिवस का गप्प होतीस, ह्याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

आपण पुन्हा ठुमलीबाईकडे गेलो, आठवतं ना. तिने भाकरी दिली, तीन नव्या गोष्टी सांगितल्या, पण त्या अकरांतली एकही नाही. म्हणाली, "त्या मी तुम्हाला सांगितल्याच नव्हत्या. बहिणीला सांगत होते, तुम्ही ऐकल्यात. आता ती लेकाकडे गुजरातेत गेली. कोणाला सांगू?" मी हे तुम्हाला मराठीत सांगितलं, आणि तुम्ही मान हलवलीत, जणू हेच उत्तर बरोबर होतं.

मला सहा वर्षं वाटत राहिलं की तुम्ही मला वाचवलंत. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, घरी तीन माणसं माझ्यावर होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी मनात तुमचे उपकार मानले, आणि खरं सांगते, कधीकधी त्या उपकारांचा रागही आला. न मागता मोठेपणा का दाखवलात? विचारलं असतं तर मी कबूल झाले नसते का? हे मी तुमच्याशी मनातल्या मनात किती वेळा भांडले.

तर सोमवारी मी तुमची ती फाइल उघडली, जिच्यात सगळी आखूड नावं लिहिलेली असतात. म्हटलं, बघू तरी, ही दोन अक्षरं कुठे-कुठे नेतात. एक वही घेतली आणि एकेक अक्षर लावून बघत बसले. गंमत वाटायला लागली, जिभाऊ. कोड्यात बोलणाऱ्या माणसाचं कोडं उलगडत जावं तशी. 'आर-व्ही' म्हणजे रविवारचे बाजार, 'एफ-डब्ल्यू' काय ते अजून कळलं नाही. मग व्हीची ओळ आली. एक नाही, तीन होत्या. जुनी ओळ रद्द केलेली, माझ्या आवडीचा उड्या मारणारा व्ही. खाली नवी, तुमचा पायरीपायरीने मागे येणारा. तीही रद्द केलेली. त्याखाली पुन्हा जुनी, चालू. आणि शेजारी, कॉम्प्युटर जे वाचत नाही, फक्त माणसं वाचतात अशा ओळीत तुम्ही लिहिलं होतं:

"हाई मी ललिताले न सांगता बदलं. अकरा फायली मन्हामुये गयात. तिले सांगानं शे."

मी ते तीन वेळा वाचलं. मग नीट जुळवलं. आदल्या संध्याकाळी तुम्ही व्ही बदललात. सकाळी मी दाबला तेव्हा त्याच्याकडे मागे नेण्यासाठी रचलेली एकही जागा नव्हती. त्याने तेच इंग्रजीत सांगितलं आणि मला होते तिथेच ठेवलं. म्हणजे तुम्ही पडदा वर सरकवून एवढा वेळ वाचत होतात ते माझी चूक नव्हे. स्वतःची. सरांना तुम्ही खोटं बोललाच नव्हतात. तुम्हाला जे खरं वाटलं ते सांगितलंत.

"तिले सांगानं शे." मग का नाही सांगितलंत हो? मी रागावेन असं वाटलं? की माझ्यासारखंच झालं, एक दिवस गेला, मग दुसरा? दोन माणसं एका टेबलाशी, प्रत्येकाला वाटतंय गुन्हा आपला, आणि दोघंही चहा पितायत. मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही.

माझ्या मते अजूनही चूक माझी आहे. ओळ आली होती, मी वाचली नाही. तुम्ही असतात तर ह्यावरही वाद घातला असतात, आणि तो मला घालायचा होता.

मागच्या वर्षी आणलेल्या त्या नव्या युक्तीवरूनही आपलं अर्धंच भांडण झालं. आपण कुठे जास्त जातो ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो आणि नाव अर्धं सांगितलं तरी आधी तिथेच नेतो. मी म्हटलं होतं, मग ज्या पाड्यावर आपण कमी जातो तो मागेच पडत जाणार. तुम्ही म्हणालात, "यंत्रनं काय, माणूसबी तसाच शे." मला ते पटलं नव्हतं. सोमवारी नुसतं झेड दाबून ती यादी काढली. सगळ्यात जास्त गेलेली जागा सगळ्यात खाली येते. मला वाटलं धडगाव असेल, नाहीतर हिशेबाचा फोल्डर.

ठुमलीबाई होती.

तिच्या फोल्डरमध्ये त्या तीन नव्या गोष्टींशिवाय काही नाही असं मी धरून चालले होते. तिथे लिहिलेली एक फाइल होती. 'ऐकलेलं' असं नाव. तुम्ही त्या अकरा गोष्टी आठवून लिहीत होतात. मराठीत, मधेमधे अहिराणी शिरलेली. मी त्या दोन दिवसांत तुमच्या कानाशी जे पुटपुटले तेवढ्यावरून. चार पूर्ण झाल्या होत्या. पाचवी अर्धी. एका हाताने, एकेक अक्षर. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही बाहेर का येत नव्हतात, ते मला आता कळलं. मी तुम्हाला चिडवायचे, जिभाऊ, खुर्चीला मुळं फुटली का?

वाचताना लक्षात आलं की बरंच चुकलंय. मोर कोण, बंटी कोण, मोठी कोण, धाकटी कोण. काही तुम्ही विसरलात, काही मीच घाईत उलटं सांगितलं असेल. दुरुस्त करायला बसले, तर मलाही आठवेना. दोन दिवस तशीच बसले. मग काल कागदावर छापून घेतलं, रेकॉर्डर घेतला आणि काठीची जीप पकडली.

ठुमलीबाई आता फार चालत नाही. दारात खाटेवर होती. तुम्ही गेल्याचं सांगितलं तर तिने माझा हात धरला आणि तुमच्या हाताबद्दल विचारलं, डावाच ना, ज्याने तो डबा धरायचा? मी हो म्हटलं. मग मी तिला पावरीत वाचून दाखवायला लागले. गोष्ट सांग असं म्हटलं नाही. म्हटलं, आमच्या माणसाने लिहिलंय, ऐक फक्त.

ती डोळे मिटून ऐकत होती. मी वाचलं, "मोर मोठी, तिला राग आला, म्हणून ती डोंगरातच बसून राहिली आणि धाकटी बंटी नदी ओलांडून गेली."

ठुमलीबाईने डोळे उघडले.

"राग? कसला राग?"

"असं लिहिलंय."

"तिला राग कशाला येईल? आणि ती मोठी नाही, धाकटी. तिचा पाय दुखत होता. मोठी म्हणाली, तू बस, मी नदीपलीकडे बघून येते. म्हणून ती बसली. अजून बसलीय, वाट बघत." तिला धाप लागली, तरी ती थांबेना. "हे असं कोणी लिहिलं?"

"जिभाऊंनी."

"त्याला कुठे येते आपली बोली? त्याला कोणी सांगितलं?"

"मी."

तिचे उरलेले दात दिसले.

"मग चूक तुझी."

सहा वर्षांत कोणी मला हे म्हटलं नव्हतं, जिभाऊ. किती सोपं होतं ते.

"हो," मी म्हटलं. "माझी."

"मग लाव तो डबा," ती म्हणाली आणि खाटेवर सरकून मला बसायला जागा केली. "पहिलीपासून सांगते. नीट ऐक."